मेमधली विहीर आणि डिसेंबरचा रिपोर्ट

रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या काठी आंबा कॅनिंगचा एक कारखाना आहे, त्याचं हे प्रकरण. नाव देत नाही, आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. तक्रार अशी होती: सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवून काही सीझन झाले, रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करणं, दर सोमवारी न चुकता होतं, तरी मे उजाडला की बॉयलर जळण खायला लागतो आणि कॅनवर पांढरे डाग पडतात. सॉफ्टनर ज्यांनी दिला त्यांचं म्हणणं, आतलं रेझिन (जडपणा धरणारे दाणे) संपलं, नवीन भरा. मालकांनी त्याचं कोटेशनही मागवून ठेवलं होतं.

रेझिन ठणठणीत होतं. एका बादलीत नमुना काढून पाहिला तर दाणे अखंड, सोनेरी, चुरा जवळपास नाही. तेव्हा खोट दुसरीकडे होती, आणि ती शोधायची तर आधी दोन तक्रारी वेगळ्या करायला हव्या होत्या. कारखान्यात सगळे त्या एकाच दमात सांगत होते: "पाणी जड आहे, म्हणून बॉयलर आणि कॅन दोन्ही खराब होतात."

डाग आणि पापुद्रा

इथे हापूसचा रस केटलमध्ये तापवतात, 850 ग्रॅमच्या आणि 3.1 किलोच्या कॅनमध्ये भरतात, सीमरवर झाकण बसतं, मग कॅन उकळत्या पाण्यात आणि तिथून थंड पाण्यात. थंड होऊन बाहेर आलेले कॅन गरमपणातच वाळतात. त्यांच्या कडेला, सीमच्या खोबणीत, पांढरी भुकटी बसलेली होती. पॅकिंगच्या बायका ती फडक्याने पुसत होत्या, आणि पुसली नाही तर लेबलचा डिंक धरत नव्हता. ही भुकटी नखाने काढून त्यावर लिंबू पिळलं. चुना असता तर फसफसला असता. इथे काही झालं नाही. साध्या पाण्याच्या थेंबात भुकटी विरघळून गेली. जिभेला लावली तर खारट.

बॉयलरचं मॅनहोल उघडल्यावर ट्यूबवर सापडलेला पापुद्रा मात्र पाण्याने हलत नव्हता. करडा, नखाएवढ्या जाडीचा, पत्र्याला चिकटलेला. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येत होते.

म्हणजे कॅनवर मीठ होतं आणि ट्यूबवर जडपणा. यातला फक्त दुसरा रोग सॉफ्टनरच्या हातातला आहे. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरतो आणि त्याबदल्यात सोडियम सोडतो. पाण्यात विरघळलेले क्षार एकूण जितके होते तितकेच राहतात. टीडीएस मीटर (हे एकूण क्षार मोजणारा) सॉफ्टनरच्या आधी लावा नाहीतर नंतर, आकडा जवळपास तोच येतो; वजनाने क्षार उलट किंचित वाढतात, कारण कॅल्शियमच्या 40 ग्रॅमच्या जागी सोडियमचे 46 ग्रॅम येतात. "सॉफ्टनर लावला म्हणजे पाणी गोड झालं" हा समज मी इतक्या ठिकाणी ऐकला आहे की आता त्यावर वाद घालत नाही, मीटर हातात देतो.

विहिरीचं वर्षभराचं वागणं

कोकणातलं पाणी मुळात जड नसतं. जांभ्यातून आणि कातळातून झिरपून आलेल्या पाण्यात क्षार कमी असतात. या कारखान्याकडे सॉफ्टनर घेताना केलेला डिसेंबरचा रिपोर्ट होता: हार्डनेस, म्हणजे जडपणा, 60 पीपीएम (लिटरला 60 मिलिग्रॅम), क्लोराइड 25, टीडीएस 140. देशावरच्या एखाद्या कारखानदाराला हेवा वाटावा असं पाणी. सॉफ्टनरचं सगळं गणित या कागदावर बेतलेलं होतं.

मेमध्ये त्याच विहिरीचं पाणी पुन्हा तपासलं. क्लोराइड 600, टीडीएस 1,200, हार्डनेस 320.

पंपावर असणाऱ्या तात्यांना या आकड्यांचं नवल नव्हतं. "साहेब, होळी झाली की ही विहीर उतरते. हनुमान जयंतीनंतर पाणी मचूळ, तोंडात धरवत नाही. डाळ तर शिजतच नाही, आम्ही घरी वरच्या झऱ्याचं आणतो." डाळ न शिजणं ही जड पाण्याची कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधीची चाचणी आहे, आणि ती त्यांच्या घरात दरवर्षी होत होती. कारखान्यातून त्यांना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता हे 600 क्लोराइड आलं कुठून? समुद्राच्या पाण्यात क्लोराइड सुमारे 19,000 पीपीएम असतं. विहिरीत 3 टक्के समुद्राचं पाणी मिसळलं तर 570 क्लोराइड त्यातूनच येतं, 25 मूळचं. टीडीएसही जुळतो: समुद्राचा 35,000, त्याचे 3 टक्के 1,050, अधिक मूळचा. म्हणजे शंभर बादल्यांत तीन बादल्या खाडी. चवीला ती "मचूळ" लागते, आणि बॉयलरच्या दृष्टीने पाणी पार बदललेलं असतं.

किनाऱ्यालगत गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घीबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकून राहतं. भेगाळ कातळात हे इतकं नेटकं चालत नाही, पण दिशा तीच. उलट वाचलं की भीती कळते: वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारं पाणी 40 फूट वर येऊ शकतं. कॅनिंगचा सीझन एप्रिल-मेचा. पाणी सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच विहीर सगळ्यात खाली असते. त्यात इथे 5 हॉर्सपॉवरचा पंप रात्री वीज नीट असते म्हणून एका दमात विहीर तळाला नेत होता. उधाणाच्या दिवसांत तर खाडी बांधाला टेकलेली.

जमिनीने केलेलं रिजनरेशन

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस वाटला तो हार्डनेसच्या आकड्यात. समुद्राच्या पाण्याचा हार्डनेस कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे 6,300 असतो. त्याचे 3 टक्के 190, अधिक उरलेल्या 97 टक्के गोड्या पाण्यातले मूळचे 58. बेरीज 250 च्या आसपास यायला हवी. टायट्रेशनमध्ये (थेंबाथेंबाने रसायन टाकून केलेल्या मोजणीत) 320 आलं. पुन्हा केलं, पुन्हा 320. वरचे 70 कुठले?

उत्तर सॉफ्टनरच्या टाकीतच आहे. रिजनरेशन करताना आपण काय करतो? रेझिनच्या दाण्यांवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चिकटलेलं असतं. त्यावरून मिठाचं घट्ट पाणी सोडलं की गर्दी करून सोडियम त्यांच्या जागा घेतं आणि ते बाहेर पडतात. खाडीकाठच्या गाळात, चिकणमातीत अशाच देवघेवीच्या जागा असतात, आणि वर्षानुवर्षं गोडं पाणी वाहिल्याने त्या कॅल्शियमने भरलेल्या असतात. उन्हाळ्यात खारं पाणी त्या मातीतून विहिरीकडे सरकतं तेव्हा माती सोडियम ठेवून घेते आणि कॅल्शियम सोडते. समुद्र त्या मातीचं रिजनरेशन करत असतो, आणि त्यातून निघालेलं जड पाणी विहिरीत येतं. म्हणून पाणी मचूळ व्हायला लागलं की हार्डनेस निव्वळ मिसळणीच्या हिशेबापेक्षा जास्त निघतो. किनाऱ्यावरच्या विहिरींसाठी नुसता टीडीएस मीटर ठेवून हार्डनेसचा अंदाज बांधणारे इथे फसतात.

आणखी एक गोष्ट. समुद्रातून येणाऱ्या हार्डनेसमध्ये पाच भागांमागे चारांहून अधिक मॅग्नेशियम असतं, आणि ते क्लोराइड-सल्फेटच्या रूपात, म्हणजे पाणी नुसतं उकळून न जाणारं. मॅग्नेशियम क्लोराइड बॉयलरच्या तापमानाला फुटून आम्ल तयार करतं. पाण्यातला अल्क (आम्ल मारणारा अंश) राखला नाही तर पापुद्र्याखाली लोखंड खायला सुरुवात होते. त्यामुळे देशावरच्या चुनखडीच्या पाण्यावर शिकलेला माणूस इथे जपून असला पाहिजे.

सोमवारचा हिशेब

कारखान्याच्या सॉफ्टनरमध्ये 100 लिटर रेझिन होतं. लिटरला साधारण 150 ग्रॅम मीठ वापरून रिजनरेशन केलं तर एका फेरीत लिटरमागे 50 ग्रॅम हार्डनेस धरला जातो, असं धरू. म्हणजे एका फेरीत 5,000 ग्रॅम. बॉयलरला रोज 8,000 लिटर पाणी.

डिसेंबरच्या 60 पीपीएमवर ही फेरी 83,000 लिटर चालते, दहा दिवस. देणाऱ्याने सुरक्षित म्हणून "आठवड्यातून एकदा, सोमवारी" सांगितलं, ते चूक नव्हतं. मेच्या 320 वर तीच फेरी 15,600 लिटरमध्ये संपते. दोन दिवसांत. सोमवारी रिजनरेशन केलं की बुधवारपासून रविवारपर्यंत विहिरीचं जड पाणी जसंच्या तसं बॉयलरमध्ये. रोज 8,000 लिटर गुणिले 320 मिलिग्रॅम, म्हणजे अडीच किलो. सगळं ट्यूबवर बसत नाही, काही गाळ होऊन ब्लोडाउनबरोबर, म्हणजे बॉयलरच्या तळातून मुद्दाम सोडून दिलेल्या पाण्याबरोबर, जातं, तरी महिनाभरात ट्यूबवर काय जमेल याचा अंदाज यावा.

बॉयलर ताशी एक टन वाफेचा, लाकडावर चालणारा, स्मोक ट्यूबचा. फायरमनने चिमणीच्या थर्मामीटरची नोंद वहीत ठेवली होती, याबद्दल त्याला शंभर पैकी शंभर. एप्रिलच्या सुरुवातीला 220 अंश, मेअखेर 270. धुराचं तापमान 22 अंशांनी वाढलं की कार्यक्षमता साधारण 1 टक्क्याने घसरते हा चालता नियम. इथे दोन टक्क्यांहून थोडं जास्त. पण लाकडाचा खप त्याच्या कितीतरी पुढे गेला होता. बाकीचं कुठे जात होतं?

ते टीडीएसमध्ये. वाफ शुद्ध पाण्याची निघते, क्षार मागे राहतात, म्हणून ठरावीक ब्लोडाउन करून बॉयलरमधला टीडीएस आवरावा लागतो. अशा छोट्या बॉयलरला मर्यादा साधारण 3,500 धरतात. वाफेच्या किती टक्के ब्लोडाउन लागेल ते काढायला फीडच्या, म्हणजे बॉयलरला दिलेल्या पाण्याच्या, टीडीएसला मर्यादा वजा फीडचा टीडीएस याने भागायचं. डिसेंबरच्या 140 ला हे 4 टक्के येतं. मेच्या 1,200 ला 52 टक्के. बॉयलरने शंभर किलो वाफ केली तर 52 किलो उकळतं पाणी गटारात. 7 बारच्या दाबावर हे पाणी 170 अंशांचं असतं, ते तापवायला जळण सुमारे 12 टक्के जास्त लागतं. आणि एवढं ब्लोडाउन केलं नाही तर पाणी फेसाळतं. गेज ग्लासमधली पातळी नाचताना मी पाहिली ती त्यामुळेच. फेसाबरोबर खारं पाणी वाफेत जातं, आणि वाफ थेट कॅनच्या उकळत्या टाकीत सोडली जात होती.

हे मालकांना कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा नव्या रेझिनचं कोटेशन टेबलावरून उचललं गेलं. रेझिन दुप्पट केलं असतं तरी 52 टक्के तसेच राहिले असते.

मिठाबद्दल थोडं

रिजनरेशनला मिठागरातलं जाडं मीठ वापरत होते. स्वस्त पडतं, जवळ मिळतं. पण त्यात मॅग्नेशियम राहिलेलं असतं, म्हणून ते ओलं होतं, आणि ज्या रेझिनवरचं मॅग्नेशियम उतरवायचं त्यावरच आपण ते पुन्हा चढवतो. धुतलेलं किंवा रिफाइंड मीठ घ्यायला सांगितलं. खर्च वाढतो, पण फेरी पूर्ण क्षमतेने चालते.

दुसरं म्हणजे, रिजनरेशनचं खारं सांडपाणी माडाच्या आळ्यात सोडलं होतं. माडाला मीठ घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे कोणाला गैर वाटलं नाही. ते आळं विहिरीपासून हाकेच्याही आत होतं. एका रिजनरेशनला 15 किलो मीठ, वर रेझिनमधून सुटलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम. खाडीच्या तुलनेत हा वाटा लहान असेल, पण आपल्याच विहिरीत आपणच मीठ टाकायचं काही कारण नाही. पाइप लांबवून कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीला जोडला.

काय केलं

आरओचा विचार सगळ्यात आधी निघाला आणि मी त्याच्या विरोधात होतो. टीडीएस उतरवायला आरओ उत्तम, पण इथला सीझन दोन महिन्यांचा. उरलेले दहा महिने मेम्ब्रेन बायसल्फाइटच्या द्रावणात सांभाळून ठेवायचे, ते द्रावण वेळच्या वेळी बदलायचं. सीझन संपला की इथे एक वॉचमन उरतो. शिवाय आरओचं नाकारलेलं खारं पाणी टाकायचं कुठे, हा प्रश्न होताच. वर्षभर चालणाऱ्या मासळीच्या कारखान्याला मी वेगळा सल्ला दिला असता.

पहिलं काम कंडेन्सेटचं. केटलभोवतीच्या जॅकेटमध्ये वाफ निवून तयार होणारं गरम, जवळपास क्षारमुक्त पाणी ट्रॅपमधून थेट गटारात जात होतं. ते फीड टँकमध्ये परत आणलं. रोजच्या 8,000 लिटरची गरज 5,000 वर आली, आणि फीड पाण्याचं तापमान चढलं. दर 6 अंशांमागे जळण 1 टक्का वाचतं. या एका कामाचा खर्च सगळ्यात कमी होता आणि फायदा सगळ्यात लवकर दिसला. ते सॉफ्टनर घेतानाच का झालं नाही, हे कळत नाही.

दुसरं, पाणी बदललं. कारखान्याच्या वर सड्यावर मालकांचीच एक बंद पडलेली चिरेखाण होती. साठ दिवसांना 5,000 लिटरप्रमाणे 3 लाख लिटर लागणार. खाणीतला 14 बाय 10 मीटरचा, 4 मीटर खोलीचा तुकडा निवडला, म्हणजे 5 लाख 60 हजार लिटर. जांभा पाणी धरत नाही, म्हणून शेततळ्यासारखा प्लॅस्टिकचा कागद अंथरला. ऑक्टोबर ते मे बाष्पीभवनात मीटरभराच्या वर पाणी उडेल असं धरून, वर शेडनेट टाकूनही, गरजेपेक्षा शिल्लक राहतं. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खड्डा भरण्याची चिंता नव्हती, पहिल्या पावसाचं लाल पाणी बाहेर काढून देण्याची होती. जांभ्याची तांबडी माती रेझिनवर बसली की ते खराब होतं. म्हणून खाणीच्या तोंडाशी गाळ बसायला छोटी कुंडी आणि सॉफ्टनरच्या आधी वाळूचा फिल्टर. पाणी सड्यावरून उताराने येतं, पंप लागत नाही.

सॉफ्टनर काढला नाही. खाणीच्या पाण्याचा हार्डनेस 20 च्या घरात, तो शून्याजवळ आणायला जुनाच सॉफ्टनर पुरतो. रिजनरेशन पंधरा दिवसांनी, दाणे घट्ट बसू नयेत म्हणूनच मुख्यतः. फीडचा टीडीएस 60, ब्लोडाउन 2 टक्क्यांच्या आत. पावसाच्या पाण्यात अल्क नसतो, ते लोखंडाला लागतं. म्हणून कॉस्टिक आणि फॉस्फेटचा डोस ठरवून दिला आणि बॉयलरच्या पाण्याचा पीएच रोज पाहायचा.

वारावर चालणारं रिजनरेशन बंद. फायरमनकडे थेंबांनी मोजायचं हार्डनेस किट आहे. सॉफ्टनरनंतरचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, बफर, मग इंडिकेटर. कोकम सरबताचा लाल रंग आला तर जडपणा आहे, सरळ निळा आला तर नाही. लाल दिसला की व्हॉल्व्ह फिरवायचा, वार कुठलाही असो. तो हे सकाळी आणि दुपारच्या पाळीला करतो आणि त्याच वहीत लिहितो.

विहिरीवरचा मोठा पंप बदलून लहान लावला, जास्त तास पण हळू. तळापासून वर सक्शन घेतलं. पाणी गोड झालं असं म्हणणार नाही, मात्र पुढच्या मेमध्ये क्लोराइड 600 वर गेलं नाही, 400 च्या आसपास राहिलं. त्यात त्या वर्षी लवकर पडलेल्या वळवाचा हात किती आणि पंपाचा किती, हे एका सीझनवरून सांगता येणार नाही.

ट्यूब साफ करून घेतल्यावर चिमणीचा काटा सीझनभर 220-230 मध्ये राहिला. लाकूड किती वाचलं याचा आकडा मालक सांगत नाहीत, पण दुसऱ्या युनिटसाठी सल्ला विचारायला फोन आला.

कॅनवरचे डाग निम्मेच गेले. वाफेतून येणारं मीठ थांबलं, पण थंड करायच्या टाकीला अजून विहिरीचंच पाणी आहे. त्या टाकीला रोज लागणारं पाणी बॉयलरच्या कैक पट, खाणीतला तो तुकडा त्याला पुरणार नाही. सध्या टाकीतून निघालेल्या कॅनवर शेवटचा एक फवारा खाणीच्या पाण्याचा मारतात आणि वाळायच्या आधी पंख्याखालून नेतात. शेजारची दुसरी खाण मोठी आहे. तिच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली अकरा मुंबईत. गणपतीत सगळे घरी येतील तेव्हा बोलू, असं ठरलं आहे.